शॉव्हेलची खोदाई सुधारायची तर दाताच्या टोकापासून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उघड्या कोळसा खाणीतले ५ ते १० घनमीटरचे विजेवर चालणारे रोप शॉव्हेल डोळ्यांसमोर ठेवून ही उत्तरं लिहिली आहेत. खडी क्रशरवरच्या पोकलेनला जे लागू पडतं ते तिथल्या तिथे सांगितलं आहे. मेंटेनन्सचे इंजिनिअर, फोरमन, वेल्डर आणि मायनिंग-मेकॅनिकल डिप्लोमाचे विद्यार्थी हेच प्रश्न फिरून फिरून विचारतात.

रोप शॉव्हेल आणि पोकलेन यांत नेमका फरक काय?

रोप शॉव्हेलमध्ये डिपर, म्हणजे पुढची बकेट, वायर रोपने वर ओढला जातो आणि दांडा, म्हणजे डिपर हँडल, त्याला फेसमध्ये, म्हणजे खणायच्या उभ्या कड्यात, पुढे रेटतो. ओढण्याला होइस्ट म्हणतात, रेटण्याला क्राउड. विल्यम ओटिस यांनी १८३९ मध्ये वाफेच्या शॉव्हेलचं पेटंट घेतलं, तेव्हापासून ही जोडी बदललेली नाही. वाफ जाऊन वीज आली, रुळांच्या जागी क्रॉलर, म्हणजे रणगाड्यासारखे पट्टे, आले, एवढंच. हायड्रॉलिक यंत्रात दोर नसतो, सगळा जोर सिलिंडरचा. आपल्याकडे त्याला सरसकट ‘पोकलेन’ म्हणतात, ते पोक्लेन या फ्रेंच कंपनीच्या नावावरून. पोकलेनची बकेट सहसा स्वतःकडे ओढत खणते. मोठ्या खाणीत पुढे रेटणारा फ्रंट शॉव्हेलही हायड्रॉलिक मिळतो.

मशीन कमी माल काढतंय. मोठी बकेट बसवली तर काम होईल का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात जास्त पैसे बुडवणारा प्रश्न हाच. आधी आकडेमोड करा.

१० घनमीटरचा डिपर, भरण ९० टक्के, सुट्या ओबीची (कोळशावरच्या माती-दगडाची) घनता १.६ टन प्रति घनमीटर धरली, तर एका फेऱ्यात १४.४ टन माल येतो. १०० टनी डंपर ७ फेऱ्यांत भरतो. आता डिपर १२ घनमीटरचा केला, तर फेऱ्याला १७.३ टन आणि डंपर ६ फेऱ्यांत. कागदावर छान दिसतं. पण रिकामा डिपर १६ टनांचा असेल तर नवा १८ च्या आसपास जाईल. म्हणजे होइस्टवर लटकणारं वजन ३०.४ वरून ३५.३ टनांवर, १६ टक्के वाढ. वेल्ड केलेल्या सांध्याचं थकव्याचं आयुष्य ताणाच्या साधारण घनाच्या व्यस्त प्रमाणात घटतं. १.१६ चा घन १.५६. बूम (मशीनचा पुढचा लांब तिरका हात), हँडल आणि बेल (डिपरला होइस्ट रोपशी जोडणारी कडी) यांच्या जोडांचं सुमारे एक तृतीयांश आयुष्य एका फेऱ्याच्या बचतीपायी गेलं.

हाच हिशेब उलटाही चालतो. सुटा कोळसा घनमीटरला ०.८५ टनांच्या आसपास भरतो. त्याच मशीनला फक्त कोळशाचं काम असेल तर १२ घनमीटरचा डिपरही हलकाच पडतो, तिथे मोठा डिपर बसवणं शहाणपणाचं. गोव्यातल्या किंवा सुरजागडच्या लोहखनिजाचं उलट. सुटं खनिज २.४ टन प्रति घनमीटर धरलं तर १० घनमीटरचा डिपर २१ टनांच्या पुढे जातो. तिथे डिपर लहान हवा, मालकाला दिसायला कितीही वाईट वाटो.

यंत्र आणि डंपर यांची जोडी ३ ते ६ फेऱ्यांत बसावी. छत्तीसगडच्या गेवरा खाणीत ४२ घनमीटरच्या शॉव्हेलपुढे २४० टनी डंपर लावतात. वरच्याच भरण-घनतेने ४ फेऱ्यांत २४२ टन होतात. जोडी जमली म्हणायची ती अशी.

एकाच बकेटला कॅटलॉगमध्ये दोन वेगळ्या क्षमता का दिसतात?

वर रचलेल्या ढिगाचा उतार वेगळा धरल्यामुळे. बॅकहो, म्हणजे स्वतःकडे ओढणाऱ्या, बकेटसाठी अमेरिकेची एसएई पद्धत १ ला १ उताराचा ढीग धरते, युरोपची सीईसीई पद्धत २ ला १, म्हणजे जास्त सपाट. फ्रंट शॉव्हेलच्या बकेटलाही २ ला १ धरतात. दोन कंपन्यांच्या बकेट ताडून बघताना उतार कोणता धरलाय ते आधी विचारा. विक्रेता आपणहून सांगत नाही.

मग सुधारणा सुरू कुठून करायची?

दाताच्या टोकापासून, आणि तिथून मागे मागे: दात, लिप (दात बसतात ती डिपरची पुढची कड), डिपरचा आकार, कोन, दार, दोर, क्राउड, बूम, शेवटी मोटर. बहुतेक ठिकाणी उलटा क्रम चालतो. मशीन दमतंय म्हणून मोटरचा करंट लिमिट वाढवतात, पोकलेनचं रिलीफ प्रेशर (तेलाच्या दाबाची मर्यादा) चढवतात, आणि पुढे लिपवर बोथट झालेले दात तसेच. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

त्याआधी एक पाळी उभं राहून मोजणी करा. स्टॉपवॉच घेऊन किमान ३० चक्रांची वेळ चार भागांत लिहा: खोदाई, भरल्या डिपरचा स्विंग, ओतणं, रिकामा परतीचा स्विंग. ३५ सेकंदांच्या चक्रात खोदाईला १० ते १२ सेकंद लागत असतील तर यंत्राचा पुढचा भाग ठीक आहे, वेळ दुसरीकडे जातोय. खोदाईच १८-२० सेकंद खात असेल तर दात, कोन किंवा ब्लास्टिंग यांपैकी एकाचा दोष आहे.

ब्लास्टिंगचं सांगायलाच हवं. तळाशी टो, म्हणजे न फुटलेला दगड, राहिला तर जगातला कुठलाही डिपर तिथे दात मोडणार. होलची खोली बेंचच्या (खाणीतल्या पायरीच्या) तळाखाली बर्डनच्या (होलपासून मोकळ्या फेसपर्यंतच्या अंतराच्या) साधारण ०.३ पट जाते का ते ड्रिलिंगच्या माणसाला विचारा. डिपर डिझाइनवर लाख रुपये घालण्यापूर्वी हा प्रश्न फुकट आहे.

दात कधी बदलावेत? बोथट दाताने असा काय फरक पडतो?

नव्या दाताचं टोक २० मि.मी. जाड असेल आणि झिजून ६० झालं, तर तेवढ्याच जोरावर दगडावरचा दाब एक तृतीयांश उरतो. ऑपरेटर मग क्राउड दाबतो, बूम उचलला जातो, दोर सैल पडतो आणि धक्के सुरू होतात. दाताच्या किमतीत वाचवलेले पैसे बूमच्या तड्यात जातात.

बदलण्याची खूण सोपी आहे. दाताच्या पोकळीच्या पुढची भिंत पातळ होऊन अ‍ॅडाप्टरचं नाक (लिपवरच्या ज्या भागावर दात बसतो त्याचं टोक) दिसायच्या आत दात निघाला पाहिजे. नाक उघडं पडून झिजलं की नवा दात त्यावर डगमगतो, पिन चपटी होते, दात गळतो आणि डंपरमधून क्रशरमध्ये पोचतो. स्टीलचा दात जॉ क्रशरमध्ये अडकला की काय होतं ते क्रशरवाल्यांना सांगायची गरज नाही. म्हणून पाळी सुरू होताना आणि अर्ध्यावर दात मोजा. अ‍ॅडाप्टरच्या नाकावर पिवळा रंग मारून ठेवला तर गळालेला दात केबिनमधूनही दिसतो.

दोन्ही बाजूंनी सारखा असलेला दात अधूनमधून उलटा करून बसवा. खालची बाजू जास्त झिजते. उलटवल्यावर टोक आपोआप धारदार राहतं आणि दात जास्त दिवस जातो. कडेचे दात मधल्यांपेक्षा लवकर खातात, तेव्हा मधले आणि कडेचे अदलाबदल करा.

दात निघतोय म्हणून अ‍ॅडाप्टरलाच वेल्ड करून टाकला. चालेल?

नाही. दात मिश्रधातूचा, उष्णतेने कडक केलेला असतो. वेल्डच्या कडेला तो ठिसूळ होतो आणि पुढच्याच आठवड्यात अ‍ॅडाप्टरच्या नाकाचा तुकडा घेऊन तुटतो. मग दाताबरोबर अ‍ॅडाप्टरही गेला. नाक झिजलं असेल तर गेज लावून बघा, वेल्डने भरून मूळ मापावर ग्राइंड करा, नाहीतर अ‍ॅडाप्टर बदला.

अ‍ॅडाप्टर लिपवर वेल्ड करताना साधारण १५० ते २०० अंश सेल्सिअस प्रीहीट (आधी तापवणं) लागतो, आणि तो नुसता पृष्ठभाग नाही तर पूर्ण जाडी तापेपर्यंत. टेम्परेचर क्रेऑनने जोडापासून ७५ मि.मी. अंतरावर तपासा. रॉड ७०१८ वर्गाचे, ३०० ते ३५० अंशांवर तास-दोन तास भाजलेले. पावसाळ्यात पाकीट फोडून दोन दिवस उघडे पडलेले रॉड वापरले तर हायड्रोजनचे तडे काम संपल्यावर, कधी दुसऱ्या दिवशी दिसतात. लिपच्या कोपऱ्यात वेल्ड संपवू नका. काम झाल्यावर ब्लँकेट टाकून सावकाश थंड होऊ द्या, पाणी मारू नका.

दातांची संख्या कमी केली तर खोदाई वाढते का?

काही वेळा वाढते. एकूण जोर तेवढाच असतो, दात कमी केले की प्रत्येकाच्या वाट्याला जास्त येतो. पण दातांमधली फट वाढली की लिप स्वतः दगडाला भिडते, आणि लिप हा डिपरमधला सगळ्यात महागडा भाग. फटीत श्राउड (लिप झाकणारे तुकडे) बसवले तर लिप वाचते, मात्र श्राउडची धार दातांच्या टोकांपेक्षा पुरेशी मागे हवी. नाहीतर तीच दातासारखी अडते.

पोकलेनच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पाहावी, ती म्हणजे बकेट पिनपासून दाताच्या टोकापर्यंतचं अंतर. सिलिंडर तोच असताना हे अंतर १.५ मीटरवरून १.३५ वर आणलं तर टोकावरचा जोर ११ टक्के वाढतो. रॉक बकेट आखूड आणि अरुंद असते ती यासाठीच. उलट, टिकतील म्हणून १०० मि.मी. लांब दात लावले तर ६ टक्के जोर गेला. सह्याद्रीच्या काळ्या बसाल्टमध्ये मुरमाची रुंद बकेट घेऊन भिडणारे हाच जोर गमावतात आणि मशीनला दोष देतात.

डिपरची टाच चकाकते आहे. याचा अर्थ काय?

तळ घासतोय. दाताचं टोक कापत पुढे जाताना डिपरचा तळ कापलेल्या पृष्ठभागापासून सुटा राहिला पाहिजे. हा मोकळा कोन कमी पडला की टाच दगडावर रेटली जाते, आणि क्राउडचा जोर कापण्याऐवजी घासण्यात जातो. खुणा तीन: टाचेची पट्टी आरशासारखी चकाकते, दात खालच्या अंगाने सपाट झिजतात, आणि खोदताना मशीन थरथरतं.

रोप शॉव्हेलवर हा कोन पिच ब्रेसने बदलता येतो. हँडल आणि डिपर यांच्यामधला हा तिरका दांडा. त्याला एकाहून जास्त भोकं असतील तर एका भोकाने सरकवून बघा. दोन्ही ब्रेस सारख्याच भोकात हवेत, एक इकडे एक तिकडे झाला तर डिपर पिळतो. फार उघडा कोन केला तर दात खोल घुसतात, खोदाई सुरू होतानाच डिपर अडकतो आणि मोटर स्टॉल होते. योग्य जागी आलं की डिपर सॅडल ब्लॉकच्या (बूमवर हँडल धरणाऱ्या भागाच्या) उंचीला पोचेपर्यंत भरलेला असतो. त्याही वर ओढत न्यावा लागत असेल तर एक भोक मागे जा. दर बदलानंतर पुन्हा ३० चक्रं मोजा. ऑपरेटरच्या ‘आता बरं वाटतंय’वर विसंबू नका, आणि त्याचं ‘अजून जड जातंय’ मात्र कधी टाळू नका.

पावसाळ्यात काळी माती डिपरमधून सुटतच नाही. काय करावं?

पाच टक्के माल प्रत्येक फेऱ्याला आतच परत येत असेल तर ५०० फेऱ्यांमागे २५ फेरे वाया गेले. माती आधी धरते ती कोपऱ्यात. तळ आणि बाजूच्या पट्ट्या जिथे काटकोनात मिळतात तिथे वळणदार पट्टी टाकून गोलाई द्या. डिपरचं तोंड आणि शेवट यांत उतार असला पाहिजे: माल ज्या बाजूने बाहेर पडतो ती बाजू थोडी रुंद. झिजून किंवा चुकीच्या लायनरने (आतल्या अस्तराने) तो उतार उलटा झालेला असतो. टेपने आतलं माप घेऊन बघा. पुढून आणि मागून माप सारखं किंवा उलटं आलं, की रोग सापडला.

आतल्या बाजूला हार्डफेसिंगच्या (कडक धातूच्या वेल्डच्या) रेघा ओढू नका. खडबडीत पृष्ठभागाला माती पकडून बसते. नुसत्या मातीच्या कामावर असलेल्या बकेटला अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलिनचे लायनर चांगले चालतात. दगडात मात्र ते आठवडाभरही टिकत नाहीत.

झिजपट्टी कुठे लावावी? जितकी जास्त तितकं चांगलं ना?

इथेच सगळ्यांचं चुकतं. ‘जरा जाड पट्टी मार’ या एका वाक्याने डिपर दोन वर्षांत टनभर जड होतो. ३५ सेकंदांचं चक्र आणि पाळीत ५ तास खरी खोदाई धरली तर ५१४ फेरे होतात. लटकणारं एकूण वजन ठरलेलं असताना डिपर १ टन जड झाला, तर पाळीला ५०० टनांहून जास्त माल कमी उचलायचा. १०० टनी डंपरच्या पाच खेपा, दर पाळीला, फुकट मारलेल्या पट्टीपायी.

म्हणून डिपर वर्कशॉपला आला की आधी तो वजन करा, आणि नव्या डिपरच्या वजनाशी ताडा. मग अल्ट्रासॉनिक जाडीमापकाने ठरावीक चौकटीत जाडी घ्या. मूळ जाडीच्या निम्म्यावर जिथे आली तिथेच पट्टी हवी: सहसा टाच, तळाचा पुढचा भाग, लिपच्या लगतच्या कडा. मागची भिंत आणि वरची बाजू बहुतेक शिल्लक असते. तिथली पट्टी काढून टाका.

वर्धा खोऱ्यातल्या कोळशावर कामठी थराचा वालुकाश्म आहे. वालुकाश्मात क्वार्ट्झ, आणि क्वार्ट्झ ४०० बीएचएनच्या (ब्रिनेल कडकपणाच्या) पट्टीपेक्षा बराच कडक. तिथे पट्टी ४०० वरून ५०० वर नेली तर फरक दिसतो, पण ५०० ची पट्टी वेल्डला जास्त नाजूक. ४०० वर्गाची पट्टी वेल्ड करताना दोन पासमधलं तापमान २२५ अंशांच्या वर जाऊ देऊ नका. २५० च्या पुढे पट्टीची कडकपणाची कमाईच निघून जाते, आणि तुम्ही महागाचं माइल्ड स्टील बसवलेलं असतं.

हार्डफेसिंगच्या रेघा उभ्या की आडव्या?

मोठ्या दगडात काम असेल तर मालाच्या प्रवाहाच्या दिशेने, म्हणजे दगड रेघांवरून घसरतो. वाळू-मुरमात प्रवाहाला आडव्या, म्हणजे दोन रेघांत बारीक माल अडकून बसतो आणि मातीवर मातीच घासली जाते. मिश्र मालाला चौकड्या. क्रोमियम कार्बाइडचे दोन, फार तर तीन थर. त्यात आडवे बारीक तडे पडतात ते चालतात, पाचवा थर चढवला तर सगळं खपलीसारखं सुटतं.

हा भाग मँगनीज स्टीलचा आहे की साध्या अलॉयचा, जागेवर कसं ओळखायचं?

चुंबक लावा. सर रॉबर्ट हॅडफील्ड यांनी १८८२ मध्ये शोधलेलं ११ ते १४ टक्के मँगनीजचं हे स्टील चुंबकाला चिकटत नाही. मार खाऊन कडक झालेल्या पृष्ठभागावर फार तर हलकी ओढ जाणवते. वेल्डिंगची रीत या दोन धातूंत अगदी उलटी आहे. अलॉयला प्रीहीट हवा, मँगनीजला थंड ठेवायचं: जोडापासून १२-१३ मि.मी. वर २६० अंशांच्या वर जाता कामा नये. तापवलं की कार्बाइड तयार होऊन ते काचेसारखं फुटतं. आखूड रेघ, थांबा, हलकी हातोडी, पुन्हा रेघ.

मँगनीज स्टील आघाताने २०० वरून ५०० बीएचएनपर्यंत कडक होतं. आघातच नसेल, नुसतं वाळूचं घासणं असेल, तर ते मऊच राहतं आणि भराभर जातं. ‘मँगनीज म्हणजे भारी’ हा समज मऊ वालुकाश्मात महाग पडतो.

क्राउड रॅक-पिनियनचा चांगला की दोराचा?

दोन्ही पद्धतींनी मोठमोठी मशीन चालली आहेत. शॉव्हेल कंपन्यांत पी अँड एचचं घराणं रॅक-पिनियनचं, बुसायरसचं दोराच्या क्राउडचं, मॅरियनची स्वतःची गुडघ्यासारखी रचना होती. रॅक-पिनियनमध्ये (दातेरी दांडा आणि त्यात अडकणारं दातेरी चाक) भाग कमी, पण धक्का सरळ गिअरच्या दातांवर आणि शिपर शाफ्टवर (पिनियनच्या आसावर) येतो. दोर धक्का थोडा गिळतो, पण तो ताणतो आणि बदलावा लागतो. हायड्रॉलिक फ्रंट शॉव्हेलमध्ये ओ अँड केच्या ट्रायपॉवर रचनेने त्रिकोणी रॉकर घालून क्राउडचा जोर पूर्ण खोदाईत जवळपास सारखा आणि बकेटचा कोन स्थिर ठेवला. यांत्रिक सुधारणा म्हणतात ती ही. जोर वाढवला नाही, आहे तो वाया जाऊ दिला नाही.

रॅक-पिनियनवाल्यांनी सॅडल ब्लॉकच्या झिजपट्ट्यांकडे लक्ष द्यावं. पट्ट्या झिजल्या की हँडल वर उचललं जातं, पिनियन आणि रॅक यांचे दात टोकाटोकाला भिडतात, आणि एक दिवस दात सोलून निघतो. शिम (पातळ पत्रे) घालून मॅन्युअलमधला गाळा राखा. हे काम अर्ध्या पाळीचं आहे, पिनियन बदलणं कितीतरी दिवसांचं.

खोदताना बूम वर उडतो आणि आदळतो. का?

क्राउड जास्त आणि होइस्ट कमी. दात अडलेले असताना हँडल पुढे रेटलं की डिपरऐवजी बूम उचलला जातो, बूमला धरणारे सस्पेन्शन रोप सैल पडतात आणि सुटताक्षणी बूम त्यांच्यावर आदळतो. ते रोप, गँट्रीच्या (ते रोप बांधलेल्या चौकटीच्या) पिना आणि बूमचा पाय, तिघांनाही मार. बूम लिमिट स्विच चालू आहे का ते आधी बघा. कुणीतरी ‘सारखा ट्रिप होतो’ म्हणून तो बायपास केलेला असण्याची शक्यता दाट. मग दात आणि पिच ब्रेस तपासा. क्राउडची मर्यादा कमी करणं हा तिसरा उपाय.

बूमला तडा गेलाय. वरून पट्टी मारली तरी पुन्हा गेला.

पट्टी मारल्यामुळेच गेला असेल. ताण घेणाऱ्या बाजूवर आडवी वेल्ड केलेली चौकोनी पट्टी नवीन तड्याची जागा तयार करते, आणि तडा पट्टीच्या टोकाशीच उगवतो.

रीत अशी. डाय पेनिट्रंट किंवा चुंबकीय चाचणीने तड्याची खरी टोकं शोधा, ती डोळ्यांना दिसणाऱ्या तड्याच्या पुढे असतात. दोन्ही टोकांपुढे भोक पाडा. पूर्ण जाडी गौजिंग करून (तडा खोदून काढून) मागे पट्टी लावून किंवा दोन्ही बाजूंनी वेल्ड करा. प्रीहीट, कोरडे रॉड. शेवटी वेल्ड ताणाच्या दिशेने ग्राइंड करा. आडवे ओरखडे राहिले तर तेच पुढच्या तड्याची सुरुवात. मजबुतीची पट्टी हवीच असेल तर टोकं निमुळती, ताणाच्या दिशेत लांब, आणि टोकाच्या आडव्या कडेला वेल्ड न करता.

मग कारण शोधा. तडा बूमच्या बाजूच्या अंगाला असेल तर ऑपरेटर डिपरने फेस आडवा झाडतोय, म्हणजे स्विंग करून दगड ढकलतोय. डिपर बाजूने दगडाला लागला की बूम पिळतो आणि स्विंग गिअरचे दातही खातात. पोकलेनमध्ये कारण बहुधा वाढवलेलं प्रेशर. १४० मि.मी. बोअरचा सिलिंडर ३२ मेगापास्कलवर सुमारे ४९२ किलोन्यूटन, म्हणजे ५० टनांचा जोर देतो. प्रेशर १० टक्के चढवलं की वेल्डचं आयुष्य तीन चतुर्थांशावर येतं. आणि ताणाचा सांधा २० टक्क्यांनी हलका केला तर तेच आयुष्य जवळपास दुप्पट होतं.

होइस्ट रोप ठरल्यापेक्षा लवकर का जातात?

तारा कुठे तुटतात ते बघा. बाहेरच्या, वरच्या अंगावर तुटत असतील तर वाकून वाकून आलेला थकवा. दोन लडींमधल्या खाचेत तुटत असतील तर पुलीची खोबण अरुंद आहे. जुना रोप झिजून बारीक झाला, त्याने खोबण त्याच मापाची कोरली, आणि आता नवा जाड रोप त्यात चिमटला जातोय. ग्रूव्ह गेज लावा. ४५ मि.मी. रोपला खोबणीची त्रिज्या २४ मि.मी.च्या आसपास हवी. पुली फिरते का ते हाताने बघा, बेअरिंग जाम झालेली पुली रोपला कानसासारखी लागते.

डिपर जमिनीवर टेकवून ऑपरेटर रोप सोडतच राहिला तर ड्रमवर वेढे एकमेकांवर चढतात. पुढच्या ओढीला रोप तिथेच दबतो. जोडीतला एक रोप गेला तरी दोन्ही बदला, नाहीतर नव्याची आणि जुन्याची लांबी जुळत नाही आणि सगळा भार एकावर येतो. नवा रोप पहिली काही चक्रं अर्ध्या भाराने चालवून बसू द्या.

डिपरचं दार स्विंगमध्येच उघडतं.

लॅच बार (दाराची कडी) पुरेसा आत जात नाही, किंवा त्याची बसायची जागा झिजून तिरपी झाली आहे. शिमने खोली मॅन्युअलप्रमाणे लावा. फार खोल घातला तर ट्रिप होत नाही (कडी सुटत नाही) आणि ट्रिप रोप तुटतो. दार जोरात आदळत असेल तर स्नबरच्या (दाराचा वेग रोखणाऱ्या ब्रेकच्या) डिस्क झिजल्या आहेत. त्या बदलल्या की लॅचचं निम्मं दुखणं जातं. तोवर त्या मशीनच्या स्विंगखाली माणूस किंवा जीप उभी राहू देऊ नका. दुरुस्तीला जाताना डिपर जमिनीवर, वीज लॉक करून, दार टेकू देऊन.

यंत्राला हात न लावता उत्पादन वाढतं का?

स्विंगचा कोन कमी करा. ९० अंशांना १ धरलं तर ६० अंशांना १.१६, १२० ला ०.८८ आणि १८० ला ०.७१ असा गुणांक धरतात. डंपर मागे उभा करायची सवय मोडली तर जे मिळतं ते नवी मोटर देणार नाही. स्विंगला डिपरच्या वजनाचाही फटका बसतो. फिरवायला लागणारा जडपणा त्रिज्येच्या वर्गाने वाढतो, म्हणून १४ मीटरवरचा एक टन ७ मीटरवरच्या चार टनांएवढा जड पडतो. झिजपट्टीचा हिशेब इथे पुन्हा आडवा येतो.

पोकलेनच्या पिन-बुशमधला खेळ किती चालवून घ्यावा?

मॅन्युअलमधल्या मर्यादेपर्यंत, त्यापुढे एक दिवसही नाही. बूमच्या पायाच्या दोन बुशांत एक मीटर अंतर आणि २ मि.मी. खेळ असेल, तर १० मीटरवर दात २० मि.मी. आडवा हलतो. नुसती पिन बदलून भागत नाही. बुश लंबगोल झालं असेल, त्याच्या घराचंही तसंच असेल, तर लाइन बोरिंग करून (भोकं एका रेषेत कोरून) नवं बुश घाला. घरात वेल्ड भरून हातग्राइंडरने गोल करणारे कारागीर भेटतील. त्यांचं काम महिनाभर दिसायला चांगलं असतं.

क्रॉलरचं काय?

तळ सपाट आणि कोरडा ठेवा. तळावर सांडलेले दगड डोझरने उचलले नाहीत तर पॅड आणि रोलर त्यांच्यावरच झिजतात. सारखं सारखं थोडं पुढे-मागे करण्यापेक्षा एकदाच नीट जागा घ्या, आणि चढावर वळण टाळा.

बुसायरसचं जुनं मशीन आहे. सुटे भाग आता कोणाकडे?

बुसायरस २०११ मध्ये कॅटरपिलरकडे गेली, आणि तिने १९९७ मध्ये घेतलेली मॅरियनही त्यातच. पी अँड एचची मालक जॉय ग्लोबल २०१७ मध्ये कोमात्सूकडे गेली. स्थानिक फाउंड्रीतून दात, श्राउड, झिजपट्ट्या करून घ्यायला हरकत नाही, फक्त प्रत्येक हीटचा (एका वेळी वितळवलेल्या धातूचा) रासायनिक आणि कडकपणाचा दाखला मागा. शिपर शाफ्ट, पिनियन, बेल आणि बूमच्या पायाच्या पिना मात्र मूळ ड्रॉइंग आणि अल्ट्रासॉनिक चाचणीशिवाय घेऊ नका. या भागांच्या मापात किंवा धातूत कुठलाही बदल करायचा असेल तर उत्पादकाचं लेखी मत आणि खाणीच्या इंजिनिअरची सही आधी, कटिंग टॉर्च नंतर.